शेडमधला उजेड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. शेडचं माप मिळालं. 10 बाय 15 फूट, वर पत्रा, मागच्या भिंतीला कामाचं टेबल, पुढे दोन दुचाकी. मधोमध 50 वॉटचा एकच दिवा टांगायचा विचार मात्र सोडून दे. टेबलाशी उभा राहिलास की तो पाठीमागे येईल आणि तुझी सावली नेमकी हातातल्या कामावर पडेल. मोठा दिवा लावून ती जात नाही, उलट जास्त ठळक होते.

आता हिशेब. जमीन साधारण 14 चौरस मीटर. कामाला 300 लक्स धर, म्हणजे दर चौरस मीटरला 300 ल्युमेन (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप). एकूण 4200 ल्युमेन खाली पोचायला हवेत. भिंती आणि धूळ 40 टक्के खातात असं धरलं, तर दिव्यांतून 7000 निघायला हवेत. चार फुटी 20 वॉटचं एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखा लांब पट्टीचा दिवा, सुमारे 2000 ल्युमेन देतं. खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो, तोच बघ. अशी चार घे. पत्र्याच्या आतल्या बाजूला आणि भिंतींना पांढरा रंग दे. त्यानं बराच उजेड परत मिळतो.

दोन बॅटन लांबीच्या भिंतींपासून अडीच फुटांवर, भिंतीला समांतर. चेन, ब्रेक, इंजिन सगळं गाडीच्या कुशीला असतं, उजेड तिथे पडायला हवा. तिसरं दाराजवळ आडवं. चौथं टेबलाच्या वर साडेतीन फुटांवर, तुझ्या कपाळाच्या पुढे राहील असं. डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याला पुढून एक पट्टी लाव.

पत्र्याला चिकटवून काहीच बसवू नकोस. मे महिन्यात पत्रा तापतो आणि दिव्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारं सर्किट, उष्णतेनं लवकर जातो. साखळीनं सहा-आठ इंच खाली सोड. उजेडाचा रंग 4000 केल्विनचा घे, म्हणजे ना पिवळा ना निळसर; सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) निदान 80. तुझ्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून 100 ते 300 व्होल्टवर चालणारंच माग.

स्वस्त बॅटनचा खरा धोका वेगळाच आहे. काहींत नीट ड्रायव्हर नसतो, उजेड सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण ग्राइंडरची फिरती चकती थांबल्यासारखी किंवा संथ दिसू शकते. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा रोखून बघ. काळे पट्टे सरकत असतील तर परत ठेव.

वायरिंगमध्ये दिव्यांची लाइन वेगळी ठेव. दीड चौरस मिमी तांब्याची वायर, 6 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). सॉकेटला अडीच चौरस मिमीची वायर, आणि ते जमिनीपासून चार फूट वर, कारण पेट्रोलची वाफ जड असते, खालीच साचते. सगळ्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग करून घे, यात तडजोड नको. बटण फेजवरच, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवरच, आहे का तेही तपास: बंद केल्यावर बॅटनच्या टोकाशी टेस्टर पेटता कामा नये. पेटला तर बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर आहे. मग दिवा रात्रभर मंद मिणमिणत राहू शकतो आणि बंद दिव्याला हात लावला तरी झटका बसू शकतो.

टेबलाच्या बॅटनचे स्क्रू आवळण्याआधी अंधार पडू दे. चारही दिवे लाव, पाना घेऊन टेबलाशी उभा राहा आणि हाताची सावली कुठे पडते ते बघत बॅटन दोन-चार इंच पुढे-मागे सरकव. जागा पक्की झाली की मगच भोक पाड.

तुझा,
जिवलग मित्र