सूचना : डबे, बाटल्या आणि स्टिकर

वागळे इस्टेटमधील सर्व सभासदांस,

ड्रममधलं थिनर, ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणं आजपासून बंद. ड्रमवर लाल कडेच्या तिरप्या चौकोनात कवटी नाहीतर ज्वाळा छापलेली असते; बाटलीवर काहीच नसतं, आणि तहानलेला माणूस वास घेत बसत नाही. सुट्या मालासाठी वेगळा डबा ठेवा, त्यावर नाव आणि धोका मराठी-हिंदीत ठळक लिहा.

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या यंत्रावर, मात्र नुसत्या लेबलवर भागत नाही. रोज दिसणारा स्टिकर काही दिवसांनी दिसेनासा होतो. धोकादायक भागांना गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं संरक्षक झाकण, लागतोच. (माल धरायला अडचण होते, मान्य, मग गार्ड बदला, काढू नका.)

तेलाने पुसट झालेले स्टिकर शनिवारपर्यंत बदलावेत. नवे कार्यालयात मिळतील.

— सचिव