गेमच्या परीक्षणात यंत्राची आणि खेळणाऱ्याचीही नोंद हवी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणे नियमित येऊ लागली, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र रोल-प्लेइंग गेमवरील (म्हणजे खेळणारा एखादे पात्र होऊन कथेत वावरतो अशा गेमवरील) लेखांत कथा, पात्रे आणि संगीत यांवर स्तंभभर मजकूर असतो, आणि तो गेम कोणत्या यंत्रावर तपासला, खेळताना अडखळला का, त्यातली अक्षरे वाचता येतात का, याविषयी एक ओळही नसते. ती ओळ छापली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या प्रकारच्या गेममध्ये ही उणीव अधिक महागात पडते. स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात; पण इथे पात्राचा चेहरा, वंश आणि कौशल्ये ठरवण्यातच तासभर निघून जातो आणि यंत्रावरचा खरा भार फार पुढे येतो. 2023 साली आलेला ‘बाल्डर्स गेट 3’ सुरुवातीच्या रानावनात ज्या संगणकांवर सुरळीत चालत होता, त्यांतल्या अनेकांवर तिसऱ्या अंकातल्या गजबजलेल्या शहरात तो रेंगाळू लागला, कारण तिथे एवढ्या पात्रांचा हिशेब प्रोसेसरला एकाच वेळी ठेवावा लागतो आणि पडद्यावरची चित्रे रेखाटणारे महागडे ग्राफिक्स कार्ड त्या कामी येत नाही. डिसेंबर 2020 मधील ‘सायबरपंक 2077’ची प्रकाशनापूर्वीची परीक्षणे संगणकावरील आवृत्तीची होती, सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन 4 या गेम खेळण्याच्या यंत्रावर त्याची अवस्था इतकी वाईट निघाली की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. परीक्षणावर विसंबून तो घेणाऱ्यांची त्यात काय चूक होती?

आमच्या नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीजवळ जातो आणि बहुतेक घरांत वातानुकूलन नसते, कूलर असतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 60 चित्रे, हव्या असतील तर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि हे गणित कोलमडते. जानेवारीत जो गेम माझ्या लॅपटॉपवर विनातक्रार चालला, तोच उन्हाळ्यात वीस मिनिटांनी अडखळू लागला. म्हणून परीक्षकाने सलग तासभर तरी खेळून मगच निष्कर्ष लिहावा, आणि सरासरी फ्रेमदराबरोबर सर्वांत कमी दरही द्यावा, कारण डोळ्यांना खुपते ते अडखळणेच असते.

सुगम्यतेचा, म्हणजे शारीरिक मर्यादा असलेल्यांनाही गेम खेळता येण्याचा, प्रश्न मला घरातच भेटला. माझ्या बहिणीच्या मुलाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. एका गेममध्ये लढाईच्या वेळी सोबत्यांभोवती हिरवी आणि शत्रूंभोवती लाल रेघ येत असे. त्याला दोन्ही मातकटच दिसत. ‘‘मामा, हा आपला की त्यांचा?’’ असे तो दर खेपेला विचारायचा. रंग बदलण्याचा पर्याय त्या गेममध्ये होता, पण तीन मेनूंच्या आत, आणि मी वाचलेल्या एकाही परीक्षणात त्याचा उल्लेख नव्हता. हा मुलगा बारावीत आहे, हुशार आहे. त्याला सवलत नको होती, फक्त माहिती हवी होती.

पानोपानी संवाद वाचावे लागणाऱ्या गेममध्ये अक्षरांचा आकार ही किरकोळ बाब नाही. ‘द विचर 3’ 2015 साली आला तेव्हा टीव्हीवर अक्षरे फार बारीक दिसतात अशा तक्रारी आल्या आणि नंतरच्या अपडेटमध्ये ती मोठी करण्याची सोय द्यावी लागली. हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांना, आळीपाळीने डाव खेळायचा गेम जमतो, पण क्षणात बटण दाबायला लावणारा जमेलच असे नाही. त्यामुळे बटणे बदलता येतात का आणि लढाई थांबवता येते का, हे त्यांना पैसे मोजण्याआधी कळले पाहिजे.

आपल्याकडे जागेची अडचण असते, हे मी जाणतो. परीक्षणाच्या शेवटी चार ओळींची चौकट पुरेल: वापरलेले यंत्र, सर्वांत कमी फ्रेमदर, अक्षरे व रंग बदलण्याची सोय, आणि बटणांची फेररचना. तपासणीसाठी एखादा पाच वर्षे जुना, मध्यम किमतीचा लॅपटॉपही वापरावा, कारण अनेक वाचकांकडे तोच आहे. भाच्याची परीक्षा आटोपली की तो साठवलेल्या पैशांतून नवा गेम घेणार आहे. त्याआधी अशी पहिली चौकट आपल्या पुरवणीत छापून यावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
मानेवाडा, नागपूर