वाटाणा-तांदळाचा डबा पाठवला आहे

बंगळुरू,
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी किंवा बुधवारी घरी एक खोके येईल. त्यात वाटाणा आणि तांदूळ यांच्या प्रथिनांच्या पावडरीचे दोन डबे आहेत. पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे आणणाऱ्या मुलाला दारातून परत पाठवू नका. तुम्हाला न विचारता मागवले याचे मला वाईट वाटते. पण विचारले असते तर बाबा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणाले असते, आणि आणखी महिने जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाबा पाटावरून उठले तेव्हा त्यांनी आधी उजवा हात फरशीवर टेकवला, मग देव्हाऱ्याची कड धरली आणि उभे राहिल्यावर कोणी पाहिले की काय म्हणून मागे वळून पाहिले. मी पाहिले होते. निरांजनातली वात पुढे सारण्याचे निमित्त करून मी मान खाली घातली. डेंग्यूनंतर 63 किलोंवरून 58 किलोंवर आलेले वजन पुन्हा वर सरकलेले नाही, आणि जे गेले आहे त्यात स्नायू बराच असणार. तात्यांच्या वेळी आपण ‘वयच झाले’ म्हणत बसलो, त्याची मला अजून रुखरुख लागते.

आई, आता जे लिहिते ते तुझ्या स्वयंपाकाला नाव ठेवण्यासाठी नाही, हे आधी समजून घे. दिवाळीचे चार दिवस मी बाबांच्या ताटातले सारे वहीत मांडून पाहिले, फराळासकट. दिवसाला प्रथिने भरतात साधारण 40 ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी जे प्रमाण दिले आहे ते वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे बाबांना 48. वय वाढले की तेवढ्याच प्रथिनांतून शरीर कमी स्नायू बांधते, म्हणून ज्येष्ठांसाठी पोषणतज्ज्ञ किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. त्या हिशेबाने 58 ते 70 हवेत. ही तूट भाकरी वाढवून भरून काढायची म्हटली तर बाबांचे पोट आधी भरेल आणि ती तशीच राहील. तू कमी वाढतेस असे मुळीच नाही. त्यांची भूक कमी झाली आहे, आणि कमी भुकेत जास्त बसवायचे असल्यामुळेच मी पावडरीकडे वळले.

गेल्या वर्षीच्या डब्याबद्दल तुम्ही दोघांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून तो मीच स्वतःला देते. बाबांना दूध पचत नाही हे ठाऊक असूनही मी दुधाच्या निवळीची (व्हे) पावडर पाठवली. आठ दिवस त्यांचे पोट फुगत राहिले आणि फोनवर मात्र ते मला ‘चव चांगली आहे’ असे सांगत राहिले. बाबा, असे पुन्हा करू नका. माझे मन राखण्यासाठी तुम्ही पोटात दुखणे सहन करावे, हे मला सहन होत नाही. माळ घातल्यापासून घरात अंड्याचा प्रश्न नाही, तेव्हा निव्वळ वनस्पतींपासून केलेली पावडर एवढाच मार्ग उरला, आणि तिच्यात निवड करायला मला पुरते दोन महिने लागले.

वनस्पतींच्या प्रथिनांत नुसते ग्रॅम मोजून भागत नाही. जी शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि अन्नातूनच मिळवावी लागतात अशी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, नऊ आहेत. त्यांतले एक जरी तोकडे पडले तरी स्नायू बांधण्याचे काम त्या एकाच्या मापानेच होते, आणि उरलेली शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार प्रौढांच्या आहारातल्या दर ग्रॅम प्रथिनात त्यांतले लायसिन 45 मिलिग्रॅम हवे, आणि मेथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त जोडी मिळून 22 हवी. वाटाण्यात लायसिन 70 च्या आसपास असते, पण ती जोडी 20 च्या आसपासच थांबते. तांदळाचे नेमके उलटे आहे, लायसिन जेमतेम 30 आणि जोडी 45 च्या घरात. सात भाग वाटाणा आणि तीन भाग तांदूळ धरला की लायसिन 58 आणि जोडी 27.5 होते, म्हणजे दोन्ही बाजू भरतात. मी मागवलेल्या डब्यात हेच प्रमाण आहे, आणि त्यावर नऊही अमिनो आम्लांचा तक्ता छापलेला आहे.

आई, वरण-भातात तू हेच करत आलीस. पण एक गोष्ट मलाही आत्ताच कळली. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर बाबा रात्रीचे जेवण उरकतात, त्या दोन्हींत लायसिनच कमी आहे, त्यामुळे एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. भाकरीसोबत पिठले किंवा आमटी हवीच. तिळाची चटणी मात्र डाळीला उत्तम साथ देते, कारण डाळीत जे मेथिओनिन कमी ते तिळात भरपूर असते. सगळे एकाच घासात यायला हवे असे नाही, दिवसभरात आले तरी चालते.

सोया का नाही, हे बाबा विचारतीलच. एकट्याच्या बळावर सोयाच सरस आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) 2013 मध्ये प्रथिनांचा दर्जा मोजायला सुचवलेल्या मोजपट्टीने, लहान मुलांच्या कडक गरजेशी ताडून पाहिले तेव्हा सोयाला 0.90, वाटाण्याला 0.82 आणि तांदळाला अवघे 0.37 गुण मिळाले. पण हा डबा दोघांसाठी आहे, आणि आईच्या थायरॉइडच्या गोळीच्या शोषणात सोया अडथळा आणू शकतो. वेळांचे अंतर ठेवून ते टाळता येते हे खरे, पण सकाळच्या घाईत ते सांभाळले जाईल याची मला खात्री नाही.

बाबा, दुकानात गेल्यावर ‘आधी वजन वाच, मग किंमत’ असे तुम्ही मला शिकवले होते. तेल असो वा साबण, मला हातात धरून वाचायला लावत होतात. या दोन महिन्यांत मी तसेच वाचले. एका डब्यावर समोर ठळक अक्षरांत 24 ग्रॅम होते, आणि मागे बारीक अक्षरांत ग्लायसिन आणि टॉरिन. प्रथिने मोजताना बहुधा त्यांतला नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात, त्यामुळे ही स्वस्त द्रव्ये मिसळली की आकडा फुगतो आणि स्नायूला काही मिळत नाही. अमिनो आम्लांचा तक्ता मी त्या कंपनीकडे दोनदा मागितला, उत्तर आले नाही, तो डबा मी सोडून दिला. चॉकलेटच्या चवीचाही घेतला नाही, कारण कोकोतून कॅडमियम हा विषारी धातू येऊ शकतो. तुमच्याकडे येतो आहे तो बिनचवीचा आहे आणि त्याला कच्च्या वाटाण्याचा वास येतो, हे आधीच सांगून ठेवते.

आता घ्यायचे कसे ते नीट वाचा. पहिला आठवडा बाबांनी अर्धेच माप घ्यावे, नंतर पूर्ण 25 ग्रॅम, ज्यात प्रथिने 20 ग्रॅम आहेत. नुसते पाण्यातून, दोन जेवणांच्या मध्ये घेऊ नका. स्नायूला चालना देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल या वयात एका वेळी अडीच-तीन ग्रॅम लागते आणि एका मापात ते दीड ग्रॅमच्या थोडे वर भरते, बाकीचे जेवणातून यायला हवे. म्हणून सकाळच्या नाचणीच्या आंबिलात घाला, सोबत मुगाचे धिरडे असू द्या. पावडर आधी गार पाण्यात कालवावी, गरम आंबिलात थेट टाकली की गुठळ्या होतात. शिजवल्याने प्रथिने वाया जात नाहीत, तेव्हा थालीपिठाच्या पिठात मिसळलीत तरी हरकत नाही. या पावडरीत सोडियम असते, म्हणून आई, त्या पदार्थात मीठ निम्मे घाल. बाबांच्या रक्तदाबाचे तू माझ्यापेक्षा जास्त सांभाळतेस, तरी लिहिते. एकादशीला डबा बंद. पण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी करा.

आई, तू अर्धे माप घ्यायचे आहेस. गोळीनंतर तासभराने जो नाश्ता करतेस, त्याच्यासोबत घे. ‘मला काही झालेले नाही’ हे वाक्य मी ऐकणार नाही.

सप्टेंबरमधला बाबांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या तपासणीचा, अहवाल डॉक्टरांना दाखवूनच मी हे ठरवले आहे. तरी तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची आहे, कारण मूत्रपिंडे थकलेली असतील तर प्रथिने वाढवता येत नाहीत. नुसत्या पावडरीने स्नायू येत नाही. बाबांनी रोज सकाळी ओट्याजवळच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसावे. पहिल्या दिवशी तीन वेळा जमले तरी पुरे.

मी सहावीत टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते तेव्हा आई मुगाचे कढण करत असे आणि वाटी रिकामी होईपर्यंत बाबा खाटेच्या पायथ्याशी बसून राहत. बोलत काही नसत, फक्त माझे पाय चेपत. मला ते कढण आवडत नव्हते, आणि बाबा उठून जाऊ नयेत म्हणून मी ते सावकाश पीत असे. आंबिलाचा पेला संपेपर्यंत आता मला तुमच्याजवळ बसता येत नाही, एवढीच बोच आहे. म्हणून सकाळी सव्वाआठला मी फोन करत जाईन, तेव्हा पेला हातात असू द्या.

डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, फडताळात कोरड्या जागी ठेवा. मापाचा चमचा पावडरीत तळाशी बुडालेला असतो. तो काढायला आईने ओला हात घालू नये.

कळावे.

तुमची,
मनू