कोरा कागद

प्रिय मिल्या,

तुझ्या लेकीच्या पाचवीला पाटावर मांडलेला तो कोरा कागद आणि त्यावरचं पेन पाहिल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. काकू हातानं कागद सारखा करत होत्या, रात्री सटवाई येणार म्हणून. आणि तू मला कोपरानं ढोसून म्हणालास, "सगळं आधीच लिहिलेलं असतं. तुझ्या त्या सायन्स फिक्शनवाल्यांनाही शेवटी हेच सांगायचंय." घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. आता सवडीनं भांडतो.

'मायनॉरिटी रिपोर्ट' आठवतोय ना, स्पीलबर्गचा, २००२चा? खून व्हायच्या आधीच खुन्याला उचलणारं खातं, भविष्य दिसणारी तीन माणसं, आणि एक दिवस खात्याच्या प्रमुखाचंच, अँडरटनचं, नाव निघतं. सुरुवातीला चौकशीला आलेला अधिकारी शंका काढतो, ज्यानं अजून काही केलंच नाही त्याला आत कसं टाकता? अँडरटन त्याच्या दिशेनं एक लाकडी चेंडू घरंगळत सोडतो. तो खाली पडायच्या आत समोरचा झेलतो. का झेललास? पडणार होता म्हणून. पण पडला तर नाही!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही मान डोलावली होती. पण यात एक लबाडी आहे. कडेपर्यंत आलेला चेंडू 'जाऊ दे, नको' म्हणून मागे फिरत नाही. माणूस फिरतो. खुद्द अँडरटनच फिरतो की! ज्याला मारणार असं भाकीत असतं त्याच्यावर पिस्तूल रोखतो, आणि चाप ओढत नाही. गोळी सुटते खरी, पण ती तो समोरचाच ह्याचा हात धरून स्वतःवर झाडून घेतो.

फिलिप के. डिकची मूळ कथा १९५६ची, आणि ती जास्त खट आहे. तिथे अँडरटनला स्वतःचं भाकीत वाचायला मिळतं, म्हणून तो बेत बदलतो. ह्या बदलाचंही भाकीत निघालेलं असतं. ते कळल्यावर काय होणार, त्याचं तिसरं. शेवटी तो खून करतोच, पण आपलं खातं वाचावं म्हणून, पुरता विचार करून. आता बोल, भविष्य खरं ठरलं की त्यानं ठरवलं? आपल्या कंसाला एकच आकाशवाणी ऐकू आली आणि तो बिचारा तिच्यामागे फरफटत गेला. दुसरी ऐकू आली असती तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

मला विचारशील तर ह्या गोष्टींतली भीती सटवाईची नाहीच. तिच्या हातातलं पेन काढून घेणाऱ्या माणसांची आहे. बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ह्या कादंबरीत (१९६२) सरकार अ‍ॅलेक्स नावाच्या गुंड पोराला इंजेक्शनं देऊन मारामारीच्या फिल्मा दाखवतं. नुसत्या विचारानंही त्याला मळमळायला लागतं, आवडता बीथोव्हनसुद्धा सोसवत नाही. झालं, पोरगा सुधारला! पुस्तकाची प्रकरणं २१. अमेरिकेतल्या प्रकाशकानं शेवटचं गाळलं आणि कुब्रिकचा सिनेमाही त्याच्याशिवायच निघाला. त्या गाळलेल्या प्रकरणात काय आहे माहितेय? उपचारांचा असर केव्हाच गेलाय, अ‍ॅलेक्स पुन्हा मोकळा आहे, आणि त्याला दंगामस्तीचा चक्क कंटाळा येतो. खिशातून पैसे काढताना एक कात्रण बाहेर येतं, पेपरातून कापलेला एका तान्ह्या बाळाचा फोटो. दोस्त खिदळतात, हा ओशाळतो. कुणी सुई टोचलेली नाही, कुणी भाकीत केलेलं नाही. एवढं एक पान हातचं घालवायचं म्हणजे काय म्हणावं!

'बँडरस्नॅच'वर, नेटफ्लिक्सच्या त्या सिनेमावर जिथे पुढे काय व्हायचं ते बघणाऱ्यानं निवडायचं असतं, मात्र तुझ्याशी भांडत नाही. नाश्त्याला कुठलं सीरियल खायचं ते मी रिमोटनं निवडलं आणि दहा मिनिटं स्वतःला ब्रह्मदेव समजत होतो. दोन डबे टेबलावर कुणी ठेवले हे नंतर सुचलं.

परवा हे सगळं आईला सांगत होतो. म्हटलं, माझ्या पाचवीच्या कागदावर काय उमटलं होतं गं? ती म्हणाली, "काय उमटणार? सकाळी तसाच कोरा होता. मग त्याच्यावर वाण्याची यादी केली. डिंक, खारीक, गूळ."

तुझ्याकडच्या कागदाचं काय झालं ते कळव.

तुझा,
बंड्या