टोपलीसाठी लागणारी आग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या वणव्यांवरचे लेख आपल्या दैनिकात वरचेवर येतात. दुष्काळ, वारा, विजेच्या तारा, तापमानवाढ, सगळं त्यात असतं. टोपल्या विणणाऱ्या बाया तेवढ्या दिसत नाहीत. जंगल वेळच्या वेळी थोडं थोडं जाळू द्या, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या त्या याच.

राज्याच्या उत्तरेला क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात कारूक, युरोक, हूपा हे आदिवासी राहतात. उभ्या काड्यांभोवती दोन बारीक मुळं एकमेकांना पीळ देत फिरवायची, अशी त्यांची वीण. ती इतकी घट्ट, की भिजून फुगली की पाणी धरते. ओकची फळं कुटून, कडूपणा धुऊन त्या पिठाची पेज टोपलीतच शिजायची. टोपली चुलीवर नाही चढवायची. तापलेले गोटे आत टाकून ढवळत राहायचं. बाळाला टोपली, लाकूडफाट्याला टोपली, बायकांच्या डोक्यावरची टोपीसुद्धा याच विणीची. (आपल्या बुरुडांच्या रोवळीत कुणी पेज शिजवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.)

उभ्या काड्या हेझलच्या. जुनं झुडूप वाकडंतिकडं, विणायला निरुपयोगी. ते जाळलं की बुडापासून सरळ, लवचीक कोंब फुटतात. ओकखालचा पाचोळा जाळला की फळांची कीडही कमी होते. पण कॅलिफोर्नियाने १८५० च्या कायद्यातच माळ पेटवणाऱ्याला शिक्षा ठेवली आणि विसाव्या शतकात वनखात्याने दिसेल ती आग विझवली. काड्या मिळेनाशा झाल्या, जंगलात सरपण साठत गेलं. वर तणनाशकाची फवारणी! काड्या-मुळं सोलताना, चिरताना दातांत धरतात, म्हणजे विष थेट तोंडात. १९९२ मध्ये विणकरांनी राज्यभराची संघटना बांधली ती या फवारणीविरुद्धही.

२०२१ मध्ये राज्याने कायदा बदलला. परंपरेने जाळणाऱ्याची आग हाताबाहेर गेली, तरी घोर निष्काळजीपणा नसेल तर विझवण्याचा खर्च आता त्याच्या माथी बसत नाही. उशीर झाला खरा. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला २०११ उजाडलं, तेव्हा आपण नावं ठेवू नयेत.

पुढच्या वेळी तिकडे वणवा पेटला, तर बातमीदाराने एखाद्या विणकर बाईलाही फोन लावावा. आणि तिच्या टोपलीचा फोटो कृपया ‘हस्तकला’ सदरात टाकू नका. वणव्याच्या बातमीशेजारीच छापा.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी