औषध नंतर, आधी भोक बुजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उष्णतेच्या लाटा, भलत्याच वेळी कोसळणारा पाऊस, उबदार हिवाळे यांविषयी आपल्या वृत्तपत्रात नेहमी वाचायला मिळते. या सगळ्यात ज्याचे फावले आहे, तो मात्र त्या बातम्यांत कधी दिसत नाही. तो म्हणजे उंदीर. विषय किरकोळ वाटेल. शिवाय घरात उंदीर झाल्याचे चारचौघांत सांगायला लाज वाटते. मलाही वाटली, आणि त्या लाजेपायी दोन महिने वाया गेले.

उंदरांच्या हिशेबात दोन महिने म्हणजे फार झाले. घरात वावरणाऱ्या लहान उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले सहज होतात आणि तीच पिल्ले सहा-आठ आठवड्यांत वीण घालण्याजोगी होतात. गटारातल्या मोठ्या उंदराचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा. या वाढीला लगाम होता तो थंडीचा. थंडीत बाहेर खायला कमी मिळते, उघड्यावरची वीण मंदावते, अशक्त जनावरे मरतात. हिवाळा आखूड झाला की हा लगाम सैल होतो आणि वर्षात जास्तीच्या एखाद्या वेताला सवड मिळते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात जानेवारी २०२५ मध्ये १६ शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंदरांबाबतच्या तक्रारी आणि पाहण्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यासाठी तपासल्या होत्या. त्यांपैकी ११ शहरांत उंदीर लक्षणीय वाढलेले दिसले आणि जिथे तापमान अधिक वाढले तिथे ही वाढही अधिक होती. वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, न्यूयॉर्क, अ‍ॅमस्टरडॅम ही वाढीची शहरे. टोकियो, न्यू ऑर्लिन्स आणि लुईव्हिल या तीन ठिकाणी मात्र उंदीर कमी झाले. म्हणजे हवामानापुढे हात टेकायलाच हवेत असे नाही.

थंडीखेरीज पावसाचाही यात हात आहे. तासाभरात धो धो पडून गेलेला पाऊस बिळांत आणि गटारांत शिरतो. उंदीर बुडून मरतील अशी आशा कोणी ठेवू नये, ते पट्टीचे पोहणारे आहेत. ते वर येतात. फुटक्या सांडपाण्याच्या नळातून, जाळी नसलेल्या मोरीतून, क्वचित संडासाच्या भांड्यातूनही. कोरड्या दिवसांत वेगळाच प्रकार. मोठ्या उंदराला रोज पाणी लागते, त्यामुळे बाहेरचे पाणी आटले की गळका नळ त्याला घरात बोलावतो. चिकणमातीच्या जमिनी उन्हाने आकसतात, पायाशी भेगा पडतात, आणि त्या भेगा पहिल्यांदा कोणाला सापडतात हे सांगायला नको.

आता माझी कथा. रात्री भिंतीत खुडबुड सुरू झाली तेव्हा मी सर्वांसारखेच केले. माणूस बोलावून औषध टाकून घेतले. ते रक्त गोठू न देणारे विष होते. खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस घेतो, आणि मरायला त्याला हवी ती जागा निवडतो. आमच्याकडे त्याने भिंतीची पोकळी निवडली. पुढचे दोन आठवडे त्या खोलीत बसवत नव्हते. ‘औषध खाऊन उंदीर बाहेर जाऊन मरतात’ असे मला छातीठोकपणे सांगितले गेले होते. ते खरे नाही. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही दगावू शकते. शिवाय या जातीच्या विषाला दाद न देणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये १९५८ सालीच आढळले होते.

वास ओसरला आणि आठवड्याने खुडबुड पुन्हा सुरू झाली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की उंदीर किती मेले याला अर्थ नाही, ते येतात कुठून हे पाहायला हवे. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो. अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठ्या जातीचे पिल्लू येते. पेन्सिल हातात घेऊन मी घराला बाहेरून फेरी मारली आणि ती कितीदा आत गेली हे मोजायचे सोडून दिले. स्वयंपाकघरातल्या नळांभोवतीच्या फटी, दाराखालची फट, वायुवीजनाची फाटकी जाळी.

खरा दरवाजा मात्र वेगळाच निघाला. उकाडा असह्य झाला म्हणून आम्ही एसी बसवला होता. त्याचे पाइप बाहेर नेण्यासाठी भिंतीला मुठीएवढे भोक पाडले आणि उरलेल्या जागेत फोम भरून दिला. बाहेरून सुबक दिसत होते. उंदराचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काही ना काही कुरतडावेच लागते, आणि फोम म्हणजे त्याच्या दाताला पावासारखा. उकाड्यावर उपाय म्हणून भिंतीला भोक पाडले आणि उकाड्यानेच वाढलेल्या उंदरांना ते आंदण दिले! एसी बसवणाऱ्याला भोक नीट बुजवण्याचे काम आपले वाटले नाही आणि मला ते तपासावेसे वाटले नाही.

कोणते भोक वापरात आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. त्यात कागदाचा बोळा सैल कोंबायचा. एक-दोन दिवसांत तो ढकललेला दिसला तर रस्ता चालू आहे. त्यासाठी आपल्याच अंकाची पाने वापरली, याबद्दल क्षमस्व. चालू रस्ता घाईने बंद केला तर आतले उंदीर आतच अडकतात, हेही लक्षात ठेवावे लागते. आधी आत सापळे लावून आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची. सापळा खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, तेव्हा सापळाही भिंतीला काटकोनात आणि त्याचे तोंड भिंतीकडे हवे. लहान उंदीर नवी वस्तू हुंगायला येतो. मोठा उंदीर मात्र पक्का संशयी असतो, त्याच्यासाठी सापळा दोन-चार दिवस खाद्य लावून, पण स्प्रिंग न ताणता तसाच ठेवावा लागतो. मग भोकात न गंजणाऱ्या पोलादी तारेचा बोळा घट्ट बसवून वरून सिमेंट. मोठ्या जागी पाव इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी. लाकूड, प्लास्टिक आणि नुसता फोम यांच्या भरवशावर राहू नये.

आवाजाने उंदीर पळवणारी यंत्रे घेण्याचा मोह मलाही झाला होता. उंदीर काही दिवसांत त्या आवाजाला सरावतात. मांजर पाळा, हा सल्लाही भरपूर मिळाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शंभराहून अधिक उंदीर असलेल्या एका कचरा केंद्रावर संशोधकांनी मोकाट मांजरांवर ७९ दिवस कॅमेऱ्याने नजर ठेवली. त्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर दोन. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची चिंता उंदरांनी उगाचच केली म्हणायची.

साफसफाईबद्दल मात्र गमतीने बोलून चालणार नाही. लेंड्या दिसल्या की आपला हात झाडूकडे जातो. तो आवरावा. कोरडे झाडल्याने किंवा व्हॅक्यूम फिरवल्याने त्यातले रोगजंतू हवेत उडतात आणि हंटाव्हायरससारखे आजार श्वासावाटे होऊ शकतात. खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यावर शिंपडावे, पाच मिनिटे भिजू द्यावे आणि कागदाने टिपून घ्यावे. पुराचे पाणी घरात येऊन गेले असेल तर काळजी दुप्पट. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातून पायाच्या साध्या खरचटलेल्या जागेवाटे शरीरात शिरतो.

यातले बरेचसे घरच्या घरी होते, पण सगळे नाही. फुटलेली भूमिगत गटारे आणि वापरात नसलेल्या, तोंडे उघडीच राहिलेल्या जुन्या वाहिन्या एकट्या घरमालकाच्या आवाक्यातल्या नाहीत. त्या दुरुस्त करायच्या तर पावसाच्या आधी करायला हव्यात. बांधकाम परवानगी देताना पाइपांभोवतीच्या फटी कशाने बुजवल्या हे कोणी तपासते का, हेही विचारायला हवे. आणि आपल्याला एक विनंती. उष्णतेच्या लाटेत पाणी भरपूर प्या, पुरात वीज बंद करा, अशा सूचनांच्या चौकटी आपण छापता. त्यांत ‘भिंतीतली भोके तपासा’ ही एक ओळ वाढवावी.

आमच्या भोकात आता तार आणि सिमेंट आहे. शेजाऱ्यांनीही त्याच सुमारास एसी बसवला आणि त्यांचे भोक अजून फोमनेच भरलेले आहे. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. तोंडावर सांगायला संकोच वाटतो, पण ते आपला अंक नियमित वाचतात.

आपला,
एक वाचक