सुटीच्या दिवशी तरी चैन करू द्या

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या नाश्त्याच्या कृती मी नेमाने वाचतो. ‘दहा मिनिटांत’, ‘बिनतेलाचा’, ‘पोटाला हलका’ असंच काहीतरी दर वेळी मथळ्यात असतं. रोजच्या धावपळीत ते ठीकच आहे. पण आठवड्यात एक सकाळ अशी येते, की घरातल्या कुणालाच कुठे पोचायचं नसतं. त्या सकाळीही भिजवलेले ओट्सच गिळायचे का? बटर-सायीला न घाबरणाऱ्या घरगुती कृतींना पुरवणीत थोडी जागा द्या, एवढंच मागणं. सुटीच्या दिवशी आमचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं, म्हणून सुरुवातीला माझ्याच दोन पाठवतो.

पहिली ओव्हनमधल्या फुगणाऱ्या पॅनकेकची. ३ अंडी, अर्धा कप दूध, अर्धा कप मैदा, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटून ठेवा. ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर लावा आणि १० इंची लोखंडी पॅन आतच तापू द्या. पॅन कडकडीत तापला की त्यात दोन मोठे चमचे बटर टाका, ते चुरचुरताच सगळं मिश्रण ओता. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. दूध-अंड्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच याला वर ढकलते. म्हणून पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही. आमची लेक तेवढा वेळ काचेला नाक लावून बसते (वय वर्षं एकोणीस). कडा पॅनच्या वर चढून तांबूस झाल्या की बाहेर काढा. मिनिटभरात तो खाली बसतो. बसू द्या; त्या खळग्यातच लिंबाचा रस आणि पिठीसाखर घालायची, नाहीतर बटरवर परतलेल्या सफरचंदाच्या फोडी.

दुसरा फ्रेंच टोस्ट, आणि त्याला पाव शिळाच हवा. ताजा पाव दूध-अंड्यात लगदा होतो, शिळा मात्र नीट पिऊन घेतो. ही युक्ती फार जुनी: प्राचीन रोमन पाककृतींतही पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालायला सांगितलंय. काप चांगले जाड ठेवा आणि आच मंद, नाहीतर बाहेरून करपतो नि आत कच्चा राहतो.

वर पाक वगैरे नको, लालसर कढवलेलं बटर हवं. मंद आचेवर ते वितळतं, मग त्यातलं पाणी उडेपर्यंत तडतडतं. आवाज मंदावला की कान आणि नाक दोन्ही तिथेच ठेवा. फेसाखाली तपकिरी कण दिसले, भाजलेल्या बदामासारखा वास आला, की त्याच क्षणी दुसऱ्या भांड्यात ओता. गॅस बंद केला तरी तापलेलं भांडं थांबत नाही, तपकिरीचं काळं व्हायला काही सेकंद पुरतात.

वजनाचं काय, अशी पत्रं येतीलच. त्या मंडळींसाठी उरलेले सहा दिवस आहेत.

कृती छापताना मात्र एक पथ्य पाळा: भांड्याचा आकार द्या आणि पदार्थ झाला हे ओळखायचं कशावरून तेही लिहा. ‘गॅस मध्यम ठेवा’ म्हणजे कुणाच्या शेगडीचा मध्यम?

आणि रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवायच्या दालचिनी रोलची खात्रीची कृती कुणा वाचकाकडे असेल, तर ती सगळ्यात आधी छापा. थंडाव्यात यीस्ट मंदावतं आणि चव मुरते, इथवर ठीक. सकाळी रोल बाहेर काढल्यावर ओव्हनमध्ये घालण्याआधी किती थांबायचं, यावर आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

आपला,
एक वाचक